सायकल कधी बाहेर काढू नये?

सायकलस्वारांच्या गटांमध्ये दर उन्हाळ्यात एक वाद हमखास रंगतो. रविवारची फेरी आधीच ठरलेली असते. शनिवारी रात्री कोणी तरी हवामान खात्याचा इशारा गटावर टाकतो आणि लगेच दोन तट पडतात. एकाचे म्हणणे, ‘ऊन काय यंदाच पडलंय का?’ दुसऱ्याचे म्हणणे, ‘एक रविवार नाही गेलो तर काय बिघडतं?’ बहुधा पहिल्या पक्षाची सरशी होते, सगळे निघतात आणि बहुतेक वेळा सुखरूप परततातही. त्यामुळे आपला निर्णय बरोबरच होता, असा समज पक्का होतो. पुढच्या वेळी पारा आणखी दोन अंशांनी चढलेला असतो, तरी हाच समज कामी येतो.

अडचण अशी की, सुखरूप परतणे हा निर्णय योग्य असल्याचा पुरावा नसतो. विजा चमकत असताना मोकळ्या माळावरून गेलेले दहापैकी दहाही जण घरी पोहोचू शकतात. म्हणून माळ सुरक्षित ठरत नाही. सायकल हा उत्तम व्यायाम आहे, स्वस्त वाहन आहे, हृदयविकार आणि मधुमेह यांच्याविरुद्ध हाती असलेले चांगले साधन आहे. तिचा प्रसार व्हायलाच हवा. पण ती उघड्यावर चालवायची असते आणि चालवणाऱ्याच्या अंगावर छप्पर नसते. त्यामुळे ‘आज नको’ कधी म्हणायचे, हे शिकणे हा सायकल शिकण्याचाच भाग मानला पाहिजे. आणि हे शिक्षण छंदापुरते मर्यादित ठेवून चालणार नाही. कारण या राज्यात सायकलवर बसणारा माणूस दर वेळी हौसेने बसलेला नसतो.

त्रास आणि धोका

पहिली गोष्ट म्हणजे त्रासदायक हवा आणि धोकादायक हवा यांत फरक करायला हवा. पुण्यात किंवा नाशिकमध्ये जानेवारीच्या पहाटे आठ-दहा अंशांची थंडी असते. बोटे बधिर होतात, नाक गळते, डोळ्यांतून पाणी येते. हा त्रास आहे. हातमोजे, कानटोपी आणि एक जास्तीचा सदरा एवढ्याने तो निभावतो. जुलैतल्या पावसाच्या सरीत भिजणे हाही बहुतांशी त्रासच. याउलट मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी अंग चांगले तापलेले असते, पाय चालत असतात, तोंडाला कोरड पडलेली असते, पण ‘आता थोडेच राहिले’ असे वाटत असते. त्रास फारसा जाणवत नाही आणि धोका मात्र पुरता आलेला असतो. शरीराची जाणीव आणि प्रत्यक्ष धोका यांची सांगड नेहमी बसतेच असे नाही. म्हणूनच निर्णय जाणिवेवर सोडून चालत नाही, त्यासाठी काही आकडे आणि काही ठाम नियम लागतात.

महाराष्ट्रातल्या सायकलस्वाराला जिवावर बेतू शकेल अशी हवा मुख्यतः चार प्रकारची असते : उष्मा, वीज, पाऊस-वारा आणि प्रदूषण. चारही बाबतींत थांबण्याची रेषा वेगळी आहे.

नागपूरचे ४३ आणि मुंबईचे ३४

उष्म्याचा हिशेब समजून घ्यायचा, तर आधी शरीराचे यंत्र कसे चालते ते पाहावे लागते. सायकल चालवताना स्नायू जेवढी ऊर्जा खर्च करतात, तिच्यातला जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा पॅडलवर पोहोचतो. उरलेल्या सगळ्या ऊर्जेची उष्णता होते. पॅडलवर १०० वॉट देणारा, म्हणजे सपाट रस्त्यावर बऱ्यापैकी वेगाने जाणारा सायकलस्वार शरीरात ३०० ते ४०० वॉट उष्णता तयार करत असतो. ही उष्णता बाहेर टाकली नाही, तर शरीराचे तापमान भराभर वाढेल. हवा थंड असेल तर अंगावरून जाणारा वारा ती घेऊन जातो. त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. हवा त्याहून तापलेली असली की तोच वारा उष्णता काढून नेण्याऐवजी आणून देऊ लागतो. विदर्भातल्या झळा म्हणजे हेच. मग उरतो एकच मार्ग, घाम. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर तो साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे ४०० वॉटच्या सायकलस्वाराला केवळ स्वतःची उष्णता फेडण्यासाठी तासाला अर्ध्या लिटरहून अधिक घाम वाळवावा लागतो. वरून पडणाऱ्या उन्हाचा आणि तापलेल्या डांबराचा हिशेब त्यात धरलेला नाही.

येथे ‘वाळवणे’ हा शब्द महत्त्वाचा. हनुवटीवरून टपकणारा घाम काहीच थंडावा देत नाही. हवेत आधीच बाष्प भरपूर असेल तर घाम वाळत नाही. म्हणूनच नुसता पारा पाहून फसगत होते. नागपुरात ४३ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक, म्हणजे ‘आर्द्र-गोलक’ तापमान, साधारण २३ अंश दाखवील. मुंबईत ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल, तर तेच तापमान २८ अंशांच्या पुढे जाते. खेळाडू आणि सैनिक यांच्यासाठी जगभर वापरला जाणारा निर्देशांक तीन घटकांवर आधारलेला आहे : आर्द्र-गोलक तापमानाला ७० टक्के वजन, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याच्या तापमानाला २० टक्के आणि साध्या तापमानाला फक्त १० टक्के. १९५०च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या प्रशिक्षण तळांवर उष्माघाताने जवान कोसळू लागले, तेव्हा हे सूत्र तयार झाले. उन्हातला गोळा नागपुरात ५५ आणि मुंबईत ४६ अंशांपर्यंत तापला असे धरून ढोबळ हिशेब केला, तर नागपूरचा आकडा ३१च्या आसपास येतो आणि मुंबईचा ३२च्या पुढे जातो. ‘आमच्याकडे कुठे चाळिशी गाठतोय पारा’, असे म्हणत भर दुपारी सायकल काढणाऱ्या मुंबईकराने, पनवेलकराने किंवा रत्नागिरीकराने हे लक्षात ठेवावे.

आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने व्यावसायिक शर्यतींसाठी हाच निर्देशांक स्वीकारला असून २८च्या वरचा पट्टा ‘लाल’ मानला आहे. तेथे शर्यतीची वेळ बदलण्याचा, टप्पा लहान करण्याचा किंवा तो रद्द करण्याचा विचार सुरू होतो. हे स्पर्धक जगातले सर्वांत तंदुरुस्त लोक असतात, त्यांच्यामागे डॉक्टर, बर्फ आणि थंड पाणी घेऊन गाडी धावत असते. अर्थात ते तासन्‌तास सर्व ताकदीनिशी पॅडल मारत असतात, हेही खरे. इथल्या हवेला सरावलेला माणूस रमतगमत कोपऱ्यावरच्या दुकानात गेला तर २८ला काही होत नाही. पण ज्या आकड्याला जगातले अव्वल स्पर्धक थांबायचा विचार करतात, तो आकडा कोकणपट्टीत एप्रिल-मेच्या दुपारी रोजचा असतो, एवढे तरी ध्यानात असावे.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर झालेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला. त्या दिवशी परिसरात पारा ३८ अंशांच्या आसपास होता. ही माणसे सायकल चालवत नव्हती, धावतही नव्हती. उघड्यावर उन्हात बसून होती. किनाऱ्याजवळचे ३८ अंश काय करू शकतात, याचे याहून कठोर उदाहरण राज्याच्या आठवणीत नाही.

थांबण्याची रेषा

हवामान खात्याचे निकष सोपे आहेत. मैदानी भागात कमाल तापमान ४० अंश, किनाऱ्यावर ३७ आणि डोंगराळ भागात ३० अंशांना पोहोचले आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वा अधिक चढलेले असले की उष्णतेची लाट मानली जाते. पारा ४५ला गेला तर सरासरी न पाहताही लाट, ४७ला तीव्र लाट. पण हे निकष सर्व जनतेसाठी आहेत, मेहनत करणाऱ्या शरीरासाठी नाहीत. सायकलस्वाराची रेषा त्याच्या बरीच अलीकडे असायला हवी.

व्यवहारात ती अशी आखता येईल. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात एप्रिल-मेमध्ये सायकल पहाटेच काढावी आणि नऊच्या आत घरी परतावे. पारा ४०च्या पुढे असताना व्यायामासाठी बाहेर पडूच नये. कोकणात पहाट थंड वाटते, पण तेव्हाही हवेत बाष्प भरलेले असते. तेथे ‘दवबिंदू’ हा आकडा पाहावा, तो बहुतेक हवामान ॲपवर मिळतो. दवबिंदू २४च्या वर गेला की वेग आणि अंतर दोन्ही कमी करावे आणि चढावाचा रस्ता टाळावा. चढावर वेग पंचवीसवरून आठवर येतो, अंगावरचा वारा थांबतो आणि मेहनत मात्र दुप्पट होते. घाटात माणसे कोसळतात ती अनेकदा यामुळे. हवामान खात्याचा ‘ऑरेंज’ इशारा असेल तर फेरी पुढे ढकलावी, ‘रेड’ असेल तर चर्चाच करू नये.

उन्हाची सवय लागायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. या काळात घाम लवकर सुटू लागतो, त्यातले मीठ कमी होते आणि रक्ताचे प्रमाण वाढते. त्यामुळे मार्चमधले पहिले कडक दिवस मेमधल्या दिवसांइतकेच घातक ठरू शकतात. वातानुकूलित कार्यालयात आठवडाभर बसून रविवारी ८० किलोमीटरला निघणाऱ्याला ही सवय लागलेली नसते. महिनाभर सायकल सुटली तर लागलेली सवयही बरीचशी जाते. मूत्रल औषधे, रक्तदाबावरच्या काही गोळ्या, सर्दीची आणि मानसिक आजारांवरची काही औषधे घेणाऱ्यांची उष्मा सोसण्याची ताकद कमी झालेली असते. त्यांनी उन्हाळ्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावे, गोळी स्वतःहून बंद मात्र करू नये. नुकताच ताप येऊन गेला असेल, जुलाब झाले असतील, रात्री झोप झाली नसेल किंवा मद्य घेतले असेल, तर त्या दिवशी रेषा आणखी अलीकडे ओढावी.

पाण्याबद्दलही दोन टोकांचे गैरसमज आहेत. पाणी कमी पिणे वाईट हे सर्वांना माहीत असते. पण तीन-चार तास घाम गाळत नुसतेच साधे पाणी ढोसत राहिल्याने रक्तातले सोडियम घसरू शकते आणि तेही प्राणघातक ठरते. मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत, कोकम सरबत, ताक किंवा ओआरएस यांचे शहाणपण हेच आहे. निघण्यापूर्वी आणि आल्यावर वजन करून पाहावे. ७० किलोच्या माणसाचे वजन दीड किलोने उतरले असेल, तर शरीरातल्या पाण्याची तूट दोन टक्क्यांच्या पुढे गेली, असा त्याचा अर्थ. खिशात कांदा ठेवण्याची रीत विदर्भात जुनी आहे. खिशातला कांदा उन्हापासून वाचवत नाही. डोक्याला गुंडाळलेला ओला दुपट्टा मात्र खरोखर काम करतो, कारण त्यातले पाणी वाळताना घामासारखाच गारवा देते.

उष्माघाताची खूण घाम थांबणे ही मानली जाते. मेहनतीमुळे होणाऱ्या उष्माघातात मात्र अंग घामाने निथळत असतानाही तापमान ४० अंशांच्या वर गेलेले असू शकते. खरी खूण वागण्यात दिसते. सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला, विनाकारण चिडला, सरळ रेषेत सायकल चालवू शकेना, तर तो ‘दमला’ असे समजू नये. त्याला लगेच सावलीत आणावे, कपडे सैल करावेत, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालावा, बर्फ मिळाला तर मानेवर, काखेत आणि जांघेत ठेवावा. १०८ला फोन करावा, पण रुग्णवाहिकेची वाट पाहत हातावर हात ठेवून बसू नये. आधी थंड करणे, मग हलवणे हा क्रम आहे. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

विजेशी तडजोड नाही

उष्म्यात कमी-जास्त करता येते, विजेत येत नाही. देशात वीज पडून दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. महाराष्ट्रात वळिवाच्या दिवसांत, म्हणजे एप्रिलपासून जूनपर्यंत, आणि पुन्हा परतीच्या पावसात, दुपारनंतर ढग उभे राहतात. मोकळ्या माळरानावर, धरणाच्या भिंतीवर किंवा घाटमाथ्यावर सायकलस्वार हाच आसपासचा उंच बिंदू असतो. सायकलचे रबरी टायर वाचवतात, ही समजूत निखालस खोटी आहे. कित्येक किलोमीटर हवा भेदून आलेल्या विजेला दोन इंच रबराचा अडसर होत नाही.

नियम साधा आहे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर जातो. ३० सेकंदांच्या आत आवाज आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची डोक्यावर पडू शकते. पक्क्या इमारतीत किंवा बंद काचांच्या मोटारीत आसरा घ्यावा. झाडाखाली, पत्र्याच्या शेडखाली किंवा बसथांब्याच्या उघड्या आडोशाला थांबू नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उलटल्याशिवाय पुन्हा निघू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजांची सूचना देते आणि हवामान खाते पुढच्या तीन तासांचा अंदाज देते. दुपारनंतरच्या फेरीआधी या दोन्हींवर नजर टाकायला दोन मिनिटेही लागत नाहीत. गडगडाटाचा इशारा असेल तर फेरी रद्द, त्यावर मतदान नको.

पाऊस, वारा आणि न दिसणारा खड्डा

पावसात सायकल चालवणे हा या मातीतला आनंद आहे आणि तो कोणी हिरावून घेण्याचे कारण नाही. पण पहिल्या पावसाचा दिवस टाळावा. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेले तेल आणि धूळ पाण्यात मिसळून जो राडा होतो, त्यावर वळणात टायर सहज निसटतो. रिमवर दाबणारे ब्रेक पाण्यात उशिरा लागतात आणि जुन्या पद्धतीची स्टीलची रिम असेल तर ते लागतात की नाही अशी शंका यावी इतके. घाट उतरताना हे आठवले पाहिजे. पांढरे पट्टे, लोखंडी झाकणे आणि रूळ ओले असताना त्यांवर ब्रेक मारू नये आणि सायकल तिरकी करू नये.

रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर रेषा तेथेच संपते. वाहत्या पाण्याखाली खड्डा आहे, उघडे गटार आहे की पुलाचा कठडा वाहून गेला आहे, हे वरून कळत नाही. घोटाभर वाटणारे वाहते पाणी हलक्या सायकलला बाजूला ढकलू शकते. साचलेल्या पाण्यातून जावेच लागले आणि पायाला जखम असेल, तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. अशा वेळी ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक औषध घ्यावे, असे आवाहन मुंबई महापालिका दर पावसाळ्यात करते.

वाऱ्याचे गणितही समजून घेण्याजोगे आहे. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराला समोरून तेवढाच वारा आला, तर हवेचा विरोध दुप्पट होत नाही, चौपट होतो. तो फक्त दमवतो. धोका असतो बाजूच्या झोताचा. खाडीपूल, धरणाची भिंत, डोंगराची कड ओलांडून मोकळ्यावर येणारे वळण, अशा ठिकाणी झोत अचानक आदळतो आणि सायकल शेजारच्या ट्रकच्या वाटेत जाते. हवामान खात्याच्या इशाऱ्यात ताशी ४० ते ५० किलोमीटरच्या झोतांचा उल्लेख असेल, तर रहदारीच्या रस्त्यावर सायकल नेऊ नये. धुके किंवा मुसळधार पावसामुळे पन्नास-साठ पावलांपलीकडचे दिसेनासे झाले, तर हाच नियम. सायकलस्वाराला समोरचे दिसते की नाही, याहून मागून येणाऱ्या ट्रकचालकाला सायकलस्वार दिसतो की नाही, हा प्रश्न मोठा असतो.

हवा दिसत नाही, पण आत जाते

चौथा धोका सर्वांत शांत. हिवाळ्यात पहाटेची हवा स्वच्छ असते, हा समज शहरांपुरता तरी सोडून द्यावा लागेल. थंडीत जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार थराखाली अडकते आणि रात्रभराचा धूर, धूळ तिच्यातच राहते. मुंबई आणि पुण्यात डिसेंबर-जानेवारीत सूर्य वर येऊन हवा हलू लागेपर्यंत सूक्ष्म कण जमिनीजवळच तरंगत असतात. बसलेला माणूस मिनिटाला सहा-सात लिटर हवा घेतो. जोरात सायकल चालवणारा चाळीस-पन्नास लिटर घेतो, तीही तोंडाने, म्हणजे नाकाची गाळणी टाळून.

तरीही घाबरून सायकल सोडावी असे विज्ञान सांगत नाही. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात फायदा आणि तोटा यांचा ताळेबंद मांडला होता. पीएम २.५ या सूक्ष्म कणांचे प्रमाण घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम असले, तरी रोज दीड तासापर्यंतच्या सायकलिंगचा लाभ प्रदूषणाच्या हानीपेक्षा जास्त भरतो, त्यानंतर पारडे फिरते, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा हिशेब दीर्घकाळाचा आणि सरासरी प्रौढांचा आहे. दमेकरी, हृदयरोगी, गरोदर स्त्रिया आणि मुले यांना तो लागू करता येत नाही. आपल्याकडच्या हवा गुणवत्ता निर्देशांकात १०० मायक्रोग्रॅम म्हणजे दोनशेच्या पुढचा ‘खराब’ पट्टा. म्हणून निर्देशांक २००च्या आत असेल तर निरोगी माणसाने जावे, २०० ते ३००मध्ये अंतर आणि वेग कमी करून गर्दीचा रस्ता टाळावा, ३००च्या पुढे घरातच व्यायाम करावा. आजारी माणसाने प्रत्येक पायरी शंभराने अलीकडे आणावी. कापडी रुमाल सूक्ष्म कण अडवत नाही. घट्ट बसणारा एन-९५ मुखपट्टा अडवतो, पण तो लावून जोरात पॅडल मारणे जमत नाही.

निर्णय कोणाच्या हातात?

हे सगळे आकडे माहीत असूनही माणसे निघतात. कारण निर्णय चुकीच्या वेळी घेतला जातो. पहाटे पाचला, कपडे चढवून, बाटल्या भरून, दहा मित्र चौकात उभे असताना ‘मी येत नाही’ म्हणणे अवघड असते. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेसाठी साडेतेरा तासांची मुदत असते, १५० किलोमीटर झालेले असतात, तेव्हा दुपारच्या उन्हात थांबणे म्हणजे केलेले सगळे वाया घालवणे वाटते. म्हणून मर्यादा आदल्या रात्री, थंड डोक्याने, शक्यतो लिहून ठरवाव्यात. क्लबांनी आणि आयोजकांनी रद्द करण्याचे निकष नोंदणीच्या वेळीच जाहीर करावेत. रद्द केले तर शुल्क पुढच्या फेरीला वळते होईल, हेही तेव्हाच सांगावे. पैसे बुडणार असतील तर माणसे उन्हातही निघतात. आणि गटातल्या सर्वांत धीम्या, सर्वांत वयस्क किंवा नवख्या सदस्याला काय झेपेल, त्यावर गटाचा निर्णय ठरावा.

पण क्लबांच्या पलीकडे जे सायकलस्वार आहेत, त्यांचे काय? पहाटेचा दूधवाला, कारखान्याची पाळी गाठणारा कामगार, बांधकामावर जाणारा मजूर, घरपोच सेवेची पिशवी पाठीवर घेतलेला तरुण. यांना दवबिंदू सांगून उपयोग नाही. मानव विकास कार्यक्रमाखाली राज्यातल्या ग्रामीण मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळाल्या. ही फार चांगली योजना आहे, तिने अनेक मुलींचे शिक्षण टिकवले. पण मार्च-एप्रिलमध्ये परीक्षेचा पेपर सुटल्यावर चार-पाच किलोमीटर उन्हातून दप्तर घेऊन घरी जाणाऱ्या मुलीने ‘आज हवा धोकादायक आहे’ असे ठरवायचे तरी कसे? तिच्या वतीने तो निर्णय शाळेने आणि शिक्षण खात्याने घ्यायचा असतो.

तो घेता येतो, याचे उदाहरण राज्यातच आहे. इतरत्र शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात मात्र उन्हाचा कहर ओसरेपर्यंत थांबून जूनच्या अखेरच्या आठवड्यात. उन्हाळ्यात सकाळची शाळा भरवण्याची पद्धतही जुनीच आहे. हाच विचार पुढे न्यायला हवा. इशाऱ्याच्या दिवशी पेपर सकाळी नऊच्या आत संपवावा. ते शक्य नसेल तर मुलींना ऊन उतरेपर्यंत शाळेतच सावली, पाणी आणि खाण्याची सोय करावी. वीज कडाडत असताना शाळा सुटली म्हणून फाटक उघडून देऊ नये. कारखान्यांनी ‘रेड’ इशाऱ्याच्या दिवशी पाळीची वेळ सरकवावी आणि उशीर झाला म्हणून पगार कापू नये. घरपोच सेवा देणाऱ्या कंपन्यांनी दुपारी एक ते चार या वेळेत सायकलवरच्या मुलांना मिनिटांच्या शर्यतीतून मोकळे करावे. अहमदाबाद महापालिकेने २०१३ मध्ये दक्षिण आशियातला पहिला उष्मा कृती आराखडा केला, त्यानंतर नागपूरसह अनेक शहरांनी तसे आराखडे आखले. त्यांत रुग्णालये आणि पाणपोया आहेत. सायकलने कामाला जाणारा माणूसही त्यांत ठळकपणे यायला हवा. सायकल मार्ग आखताना दुतर्फा झाडे, काही अंतरावर पाणी आणि पावसा-विजेत थांबता येईल असा पक्का निवारा, या सोयी सौंदर्यीकरणाच्या यादीत मोडत नाहीत. त्या सुरक्षिततेच्या यादीतल्या आहेत.

खराब हवेचे दिवस, खरे तर खराब हवेचे तास, वर्षभराच्या मानाने थोडेच असतात. तेवढे ओळखून टाळले, तर उरलेले वर्ष सायकलचेच आहे. ज्याला निवड आहे त्याने आदल्या रात्री आकडे पाहून ठरवावे आणि ठरवले की बदलू नये. ज्याला निवड नाही त्याच्यासाठी ती निर्माण करणे हे शाळेचे, मालकाचे आणि सरकारचे काम आहे. पुढचा उन्हाळा यायच्या आत निदान शाळांच्या वेळा आणि कारखान्यांच्या पाळ्या यांबाबतचे आदेश निघाले, तर ते या वर्षीच्या मुलींच्या आणि कामगारांच्या उपयोगी पडतील. एप्रिलमध्ये निघालेला आदेश खाली शाळेपर्यंत पोहोचतो तेव्हा बहुधा सुट्ट्या लागलेल्या असतात.